शय्याव्रण : औषधाआधी कूस बदला

अर्धांगवायूचा झटका आलेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला रुग्ण इस्पितळातून घरी आला की नातेवाईक गोळ्यांच्या वेळा काटेकोर पाळतात. पण रुग्णाची कूस सकाळपासून बदललेली नाही, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. अशा घरी गेलो की मी नाडी पाहतो आणि लगेच रुग्णाला वळवून त्याची पाठ पाहतो. पुष्कळदा मूळ आजारापेक्षा पाठीवरची जखमच जास्त छळत असते. हेच शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हा धडा सुरुवातीलाच शिकवतात. घरी शुश्रूषा करणाऱ्यांनाही तो यायला हवा.

व्रण का होतो?

एकाच अंगावर पडून राहिल्याने हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस व कातडी दाबली जाते. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, रक्त पोहोचत नाही आणि तो भाग मरू लागतो. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो. लुळ्या पडलेल्या अंगाला ते जमत नाही, आणि संवेदना गेली असेल तर दुखतही नाही. म्हणून रुग्ण तक्रार करीत नाही. नुकसान काही तासांत सुरू होते, भरून यायला मात्र महिने लागतात. जंतू रक्तात शिरले तर जिवावर बेतते.

काय पाहावे?

माकडहाड व त्याच्या वरचा भाग, खुबे, टाचा, घोटे, कोपर, खांद्याचे फरे आणि डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहावी. लाली दिसल्यास बोटाने दाबून सोडावे. जागा क्षणभर पांढरी पडली नाही, तर इजा सुरू झाली असे समजावे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तेथे जांभळट छटा, ऊब किंवा कडकपणा हाताने तपासावा.

काय करावे?

साधारण दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस असा क्रम ठेवावा. कुशीवर पूर्ण आडवे न करता पाठीशी उशी लावून थोडे कलते ठेवावे, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णाला ओढू नये. दुमडलेल्या चादरीवर घेऊन दोघांनी उचलून सरकवावे. चादरीला सुरकुत्या नसाव्यात. लघवी-शौचाने ओले झाल्यास लगेच कोमट पाण्याने पुसून, न घासता टिपून कोरडे करावे. आहारात डाळ, दूध, अंडी असावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारावे.

काय टाळावे?

लाल झालेली जागा चोळू नये. आतील मांसाला अधिक इजा होते. पूर्वी स्पिरिट व पावडर चोळीत, ती पद्धत आता मागे पडली आहे. रबरी रिंगही वापरू नये. तिच्या कडेचा दाब मधल्या भागाचा रक्तपुरवठा कमी करतो. हवेची गादी उपयोगी आहे, परंतु ती घेतली म्हणून कूस बदलणे थांबवू नये. जखमेत हळद किंवा घरगुती लेप भरू नयेत. कातडी फाटली, काळी पडली, पू वा दुर्गंधी आली, ताप चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी एक विनंती. हे सारे काम बहुधा घरातील एकाच बाईच्या अंगावर पडते. दिवसभर राबून रात्री दर दोन तासांनी तिने एकटीने उठावे, ही अपेक्षा चुकीची आहे. भिंतीवर कागद लावून त्यावर वेळ, कूस आणि पाळी कुणाची, हे लिहावे. त्यात मुलाचे आणि नातवाचेही नाव असावे. रात्रीचे अंतर थोडे वाढवता येईल का, हे गादी व कातडी पाहून डॉक्टर सांगतील. या कागदाला खर्च नाही. पण तो पाळला तर बहुतेक व्रण होतच नाहीत.