हरवलेली कुत्री, मेलेली शेळी आणि आपली जबाबदारी



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा, पाण्याच्या पाळ्या असे विषय घेतो. या अंकात कुत्र्यांवर लिहिणार म्हटल्यावर काही सभासदांना हसू येईल. पण आपल्या कार्यक्षेत्रात गोठ्यात शेळी मेली, कळपातले मेंढरू गेले, की पहिला आळ येतो तो समोर दिसेल त्या परक्या कुत्र्यावर. मग काठ्या निघतात, कोणी विषाची भाकरी टाकतो. खरा गुन्हेगार उसात तसाच राहतो, आणि कुत्र्याचा धनी गावोगाव हाका मारत फिरतो. यात नुकसान आपलेच आहे. ते कसे, हे समजून घेऊ.

ऊस, मेंढरं आणि कुत्री

आडसाली लागणीसाठी मोकळ्या ठेवलेल्या रानात मेंढरं बसवण्याची आपली जुनी पद्धत आहे. लेंडी आणि मूत्र जागच्या जागी पडते, वाहतूक लागत नाही, आणि रासायनिक खतावरचा थोडा तरी भार हलका होतो. शेणखत मिळेनासे झाल्यापासून मेंढपाळाची वाट बघणारे सभासद वाढले आहेत. दिवाळीनंतर बरेच कळप खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी वर येतात. नेमका तोच आपला आडसालीच्या तयारीचा काळ असतो.

मेंढपाळाचा वाडा रात्री कोणाच्या भरवशावर असतो? एक-दोन माणसे आणि दोन-चार कुत्री. कुत्री गेली तर तो उसाच्या पट्ट्यात कळप बसवायला धजत नाही. तीच गोष्ट हंगामात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची. कोप्यांजवळ बैल बांधलेले, शेजारी लहान मुले झोपलेली. पहाटे कोयता घेऊन माणसे फडात गेली की मागे राखणीला कुत्रेच असते. म्हणून हा विषय शेतकी खात्याचाही आहे.

एका गटात घडलेला प्रकार

गाव आणि नावे देण्याचे कारण नाही. ज्येष्ठ महिना होता. एका सभासदाच्या दोन एकर रानात मेंढरं बसली होती. बाजूला तोडीला न आलेला, माणसाच्या वर गेलेला ऊस. उत्तररात्री कळप एकदम उधळला आणि वाघर मोडून रस्त्यावर आला. वाड्यावरची दोन्ही कुत्री भुंकत उसात घुसली, ती परत आलीच नाहीत. उजाडल्यावर मेंढरं गोळा केली तेव्हा एक कोकरू कमी भरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, दोन कोसांवरच्या गावात दुसऱ्या एका सभासदाच्या उघड्या गोठ्यातली एक शेळी मरून पडलेली आणि दुसरी नाहीशी झालेली. उकिरड्याजवळ दोन परकी कुत्री बसलेली, त्यातल्या एकाच्या मानेला रक्त. झाले! लोक जमले, निकाल लागला. एक जण औषधाची बाटली आणायला घरात गेलासुद्धा.

त्याच वेळी ऊसनोंदीसाठी आमचे शेतकी मदतनीस तिथे पोचले. ते म्हणाले, "अण्णा, मारायचीच असली तर दुपारी मारा. आत्ता बांधून ठेवा आणि शेळीला हात लावू नका. आधी डॉक्टरांना बघू द्या." मालकाने ऐकले. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर आले, मागोमाग वनरक्षकही आले. शेळीच्या गळ्याला सुळ्यांची खोल भोके होती, बाकी अंग शाबूत. दुसरी शेळी ओढत नेल्याची रेघ थेट उसाच्या सरीत गेलेली. पाटाच्या ओल्या मातीत गोलसर ठसे होते, पण नखांची खूण नव्हती. बिबट्याचे काम होते. कुत्र्याच्या मानेवरचे रक्त त्याचे स्वतःचे निघाले. पंजा लागून कातडे फाटले होते. म्हणजे ज्याला खुनी ठरवले, तो आधीच्या एका रात्री कळपासाठी त्याच जनावराला भिडून आला होता, असा अंदाज डॉक्टरांनी सांगितला.

वनरक्षकांनी पंचनामा केला आणि यथावकाश शेळ्यांची भरपाई मिळाली. कुत्र्यांची जखम धुतली, औषधोपचार झाला, पिसाळ रोगाची लसही दिली. एकाच्या कानाला जुनी चीर होती आणि दोघांच्याही गळ्यात काळ्या लोकरीची वळलेली दोरी. एवढी खूण दूध संकलन केंद्रावर, आठवडे बाजारात आणि गट कार्यालयात कळवली. चौथ्या दिवशी मेंढपाळ चालत आला. गावात शिरायच्या आधी त्याने बांधावरून शीळ घातली, तशी दोन्ही कुत्री दाव्याला ओढ देऊन उभी राहिली. धनी कोण हे कोणाला विचारावे लागले नाही.

शेळ्यांचे मालक म्हणाले, "मामा, घेऊन जा. पण आमच्या हातून पाप होणार होतं." मेंढपाळ म्हणाला, "कुत्री नसती घावली तर कळप माघारी नेणार होतो. एकट्यानं किती रात्री जागायचं?" पुढच्या आठवड्यात त्याने त्या सभासदाच्या रानातही मेंढरं बसवली, नेहमीच्याच दराने.

आता हिशेब करा. विष घातले असते आणि शेळी ओढ्यात फेकली असती, तर पंचनामा नाही, भरपाई नाही, मेंढपाळाची कुत्री गेली, खत गेले. आणि बिबट्या उसात असून गाव मात्र निर्धास्त झोपले असते.

हल्ला कोणाचा, हे कसे ओळखावे

१) बिबट्या बहुधा गळा किंवा मानगूट धरतो. सुळ्यांची मोजकी पण खोल भोके दिसतात. भक्ष्य ओढत आडोशाला नेतो. ठसा गोलसर असतो आणि त्यात नखे उमटत नाहीत, कारण चालताना तो नखे आत घेतो.

२) मोकाट कुत्री टोळीने येतात आणि पाठलाग करतात. मांड्या, मागचे पाय, कुशी, कान जागोजागी फाटलेले दिसतात. एकापेक्षा जास्त जनावरे जखमी होतात, खाल्लेले मात्र थोडेच असते. ठसा लांबट असून नखांच्या खुणा स्पष्ट दिसतात.

३) लांडग्याचा ठसा मोठ्या कुत्र्यासारखाच असतो. तरसाच्या ठशातही नखे दिसतात, आणि त्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा असतो. इथे नवख्याची फसगत होते. निर्णय डॉक्टर व वनखात्यावर सोपवावा.

मेलेले जनावर हलवू नये. ठशांवर पाटी किंवा घमेले पालथे घालून ठेवावे, म्हणजे माणसांच्या वर्दळीत ते पुसत नाहीत. वनखात्याला तातडीने कळवावे; राज्यात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 आहे. वन्य प्राण्याने पाळीव जनावर मारल्यास शासनाकडून भरपाई मिळते, पण पंचनाम्याशिवाय नाही. मोकाट कुत्र्याने मारलेल्या शेळीला वनखात्याची ही भरपाई लागू होत नाही, म्हणूनही खरे कारण ठरणे महत्त्वाचे.

बिबट्या गावाजवळ कशासाठी येतो?

अकोले तालुक्यातील ऊसपट्ट्यात डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात पाळीव प्राण्यांचा वाटा 87 टक्के, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सात पट होत्या, तरी शेळ्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच होता. याचे कारण साधे आहे. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रे मोकळे फिरते.

यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. एक, गोठा चारी बाजूंनी बंद हवा, वरूनसुद्धा. दोन, मेलेली कोंबडी, जनावराची आतडी, लग्नाचे उरलेले अन्न उघड्यावर टाकले की मोकाट कुत्री जमतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. मेलेले जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. पाटात, ओढ्यात किंवा फडात टाकू नये.

तोडीच्या वेळी उसात बिबट्याचे बछडे सापडले तर ते उचलून गावात आणू नयेत. त्या पट्ट्यातले काम थांबवून वनखात्याला कळवावे. जुन्नर भागात वनखाते असे बछडे सापडल्या जागी परत ठेवते आणि अंधार पडल्यावर आई येऊन त्यांना घेऊन जाते, असा अनुभव अनेकदा आला आहे. आईची आणि पिलांची ताटातूट झाली तर ती मादी त्याच परिसरात घिरट्या घालते, आणि धोका वाढतो.

परके कुत्रे आढळल्यास

१) आधी लांबून बघा. लाळ गळते आहे का, झोकांड्या जातात का, दिसेल त्याला चावत सुटले आहे का? तसे असेल तर जवळ जाऊ नका, मुलांना आत घ्या, पशुवैद्यकीय दवाखाना व ग्रामपंचायतीला कळवा.

२) शांत असेल तर लांब दाव्याने सावलीत बांधा. पाणी आणि भाकरी द्या. आपल्या कुत्र्यांत व गुरांत दहा दिवस मिसळू देऊ नका.

३) रंग, कान, शेपूट, गळ्यातला पट्टा किंवा दोरी, जुनी जखम यांची नोंद करा. एखादी खूण मुद्दाम कोणाला सांगू नका. मालक म्हणून येणाऱ्याने ती स्वतः सांगितली की खात्री पटते.

४) दूध केंद्र, आठवडे बाजार, ग्रामपंचायतीचा फळा, मोबाईलवरचे गावाचे गट आणि आमचे गट कार्यालय येथे कळवा. हंगामात टोळीच्या मुकादमालाही विचारा.

चावा घेतला असल्यास

माणसाला चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे जखम धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे दिवस गेले. आता कातडीत द्यायची लस 0, 3, 7 व 28 या दिवशी, तर दंडात द्यायची 0, 3, 7, 14 व 28 या दिवशी असते. रक्त आलेल्या जखमेत सीरमही लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी आपली लस थांबवू नये. पिसाळ रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

गाय, म्हैस, शेळी यांना चावल्यासही जखम तशीच धुवावी आणि डॉक्टरांकडून लसीचा पूर्ण क्रम करून घ्यावा. जनावर लाळ गाळते, आवाज बदलून हंबरते, गिळत नाही, असे दिसले की "घशात काही अडकले असेल" म्हणून आपण तोंडात हात घालतो. तो हात कदापि घालू नये. अशा वेळी पिसाळ रोगाचा संशय आधी धरावा.

विष हा उपाय नव्हे

कुत्र्याला विष घालणे हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावर मारण्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला, तरी विषाची भाकरी कोण खाईल हे आपल्या हातात नसते. शेजाऱ्याची शेळी, घारी-कावळे, खेळते पोर, कोणीही सापडू शकते.

कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पिसाळ रोगाची लस द्यावी आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी द्यावी. दाखला जपून ठेवावा. गळ्यातल्या पट्ट्यावर गाव आणि मोबाईल क्रमांक लिहावा. कापलेल्या मेंढराची कच्ची आतडी, काळीज कुत्र्यांना घालू नये. त्यातून होणारे जंत कुत्र्यामार्फत मेंढरांत आणि माणसांतही येतात. जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे. गळीत हंगाम संपल्यावर कोप्या मोडताना टोळ्यांनी आपली कुत्री बरोबर न्यावीत. मागे राहिलेले भुकेले कुत्रेच पुढे मोकाट टोळीत सामील होते.

प्रत्येक गट कार्यालयात हरवलेल्या व सापडलेल्या जनावरांची वही ठेवण्याच्या सूचना आम्ही दिल्या आहेत. बैल, म्हैस, शेळी, कुत्रा, सगळ्यांची नोंद एकाच वहीत होईल. सभासद असो, मेंढपाळ असो वा टोळीतला गाडीवान, प्रत्येकाची नोंद घ्यायची आहे. आपल्याकडे परके जनावर आले तर शेतकी मदतनिसाला सांगा. आपले हरवले असेल तर आधी ती वही बघा. आणि गोठ्यात काही विपरीत घडलेच, तर काठी उचलण्याआधी मातीतला ठसा बघा.

आपले,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते