बाटली सहा लाखांची की सोळा हजारांची?

प्रश्न : माझ्या भाच्याला एसएमए हा स्नायू दुबळे करणारा आजार आहे. त्यावरच्या ‘रिसडिप्लाम’ या परदेशी औषधाची भारतीय आवृत्ती आता बरीच स्वस्त मिळते म्हणतात. पण पेटंट २०३५ पर्यंत आहे ना? मग ती घेणं बेकायदा ठरेल का? आणि जी औषधं भारतात विक्रीलाच नाहीत, ती मागवायची कशी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर निर्धास्त घ्या. पेटंटधारक रोश कंपनीने दावा लावलाय तो भारतीय आवृत्ती बनवणाऱ्या नॅटको कंपनीवर, रुग्णांवर नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये नॅटकोला मनाई करायला नकार दिला. ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तेच कायम केलं आणि सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. रोशच्याच आधीच्या पेटंटवरून हे औषध जाणकाराला सुचण्यासारखं होतं, असं न्यायालयाचं प्राथमिक मत पडलं. अर्थात हे अंतरिम आदेश. मूळ दावा रोशने जिंकला तर विक्री थांबू शकते.

रोशची बाटली सहा लाखांच्या वर, नॅटकोची १५,९०० रुपयांची. पण हिशेब वर्षाचा मांडा. वजन २० किलो किंवा जास्त असेल तर रोज ५ मिलिग्रॅम लागतात. ६० मिलिग्रॅमची बाटली १२ दिवसांत संपते. वर्षाला तीसेक बाटल्या, म्हणजे पावणेपाच लाख. याला स्वस्त म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयात नाव नोंदवा. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणाखाली तिथे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते.

दुसऱ्या प्रश्नात अडचण बहुधा पेटंटची नसते. इथे विकायचं तर कंपनीला औषध नियंत्रकांकडे अर्ज करावा लागतो, अनेकदा भारतीय रुग्णांवर चाचण्याही. मूठभर रुग्णांसाठी तो खर्च कोण करणार? ऑगस्ट २०२४ पासून अमेरिका, ब्रिटन, युरोपीय संघ, जपान, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात मंजूर झालेल्या दुर्मीळ आजारांवरच्या औषधांना चाचणीतून सूट मिळू शकते. पण कंपनीने अर्जच केला नाही तर सूट देणार कुणाला? आणि अर्ज कराच, अशी सक्ती तिच्यावर नाही. माझ्या मते खरी त्रुटी इथे आहे.

तोवर वैयक्तिक वापरासाठी आयातीचा मार्ग आहे. प्रिस्क्रिप्शन जोडून केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे फॉर्म १२ए भरा. परवाना १२बी मध्ये मिळतो. धोरणाच्या यादीतल्या आजारांसाठी मूळ सीमाशुल्क एप्रिल २०२३ पासून माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र घ्या. परवाना हातात येईपर्यंत परदेशी विक्रेत्याला पैसे पाठवू नका.