गुप्त अंक : नव्या काळातील अंगठा

कोऱ्या कागदावर अंगठा उठवू नये, ही शिकवण ग्रामीण महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून घेतली आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा सावकारांच्या घरांतील कर्जरोखे शोधून जाळण्यात आले. कारण आपण कशावर अंगठा दिला हे अनेकांना ठाऊकच नव्हते. आज रोख्याची जागा मोबाईलने घेतली असली, तरी प्रश्न तोच आहे.

२०१६ साली यूपीआय ही पद्धत सुरू झाली आणि पिठाच्या गिरणीपासून आठवडे बाजारापर्यंत पैसे मोबाईलवरून दिले जाऊ लागले. या व्यवहारातील चार किंवा सहा आकडी गुप्त अंक, म्हणजे पिन, ही खातेदाराची सही होय. ती पैसे देण्यासाठी लागते; पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. नवशिक्याला इतर काही सांगण्यापूर्वी एवढे एक वाक्य पक्के करून द्यावे.

फसवणूक नेमकी येथेच होते. एखादा शेतकरी जुने इंजिन विकावयास काढतो. अनोळखी गिऱ्हाईक घासाघीस न करता भाव मान्य करते आणि "इसार पाठवतो, चौकटीचे चित्र स्कॅन करा व पिन टाका" असे सांगते. पिन पडताच पैसे येण्याऐवजी जातात. समोरच्याने धाडलेल्या मागणीला पिन देऊन रक्कम गमावण्याचेही प्रकार घडत. व्यक्तीव्यक्तींमधील अशा मागण्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केल्या. स्कॅन करावयास लावण्याची युक्ती मात्र शिल्लक आहे. अनोळखी क्रमांकावरून लग्नपत्रिका म्हणून येणारी 'एपीके' फाईलही उघडू नये. तिच्यातून मोबाईलचा ताबा परक्याकडे जाऊ शकतो.

अशिक्षितच फसतात, ही समजूत सुशिक्षितांच्या सोयीची आहे. निवृत्त अधिकारी व शिक्षकही फसतात, आणि लाजेपोटी अधिक काळ गप्प राहतात.

हे गप्प राहणेच सर्वांत महाग पडते. गेलेली रक्कम थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवली जाते व काढून घेतली जाते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळविल्यास तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि वाटेत सापडेल तेवढी रक्कम रोखून धरता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तर खातेदाराने स्वतः पिन सांगितला असला, तरी बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेच्या माथी टाकले होते. म्हणजे कळविण्याची वेळ हाच निर्णायक मुद्दा ठरतो.

ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर व रास्त भाव दुकानात हा क्रमांक ठळक लिहिलेला असावा. फसलेला माणूस दारात आला, की "असे कसे केलेस?" हा प्रश्न ग्रामसेवकाने वा शिक्षकाने मागाहून विचारावा. आधी १९३० लावून द्यावा, मिळालेला तक्रार क्रमांक कागदावर उतरवून त्याच्या हाती ठेवावा आणि त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावयास लावावी.