स्टीलहेडसाठी स्ट्रीमर ओढावा की वाहू द्यावा?

प्रश्न : मी वॉशिंग्टन राज्यात राहतो. ट्राउटसाठी स्ट्रीमर (लहान माशासारखी दिसणारी कृत्रिम माशी) झटके देत ओढतो, तसाच हिवाळ्यात स्कॅगिट नदीत स्टीलहेडसाठी ओढला; काही लागले नाही. नदीत आल्यावर हा मासा खातच नाही म्हणतात. मग तो गळाला लागावा तरी का?

उत्तर : स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढलेला रेनबो ट्राउटच, पण नदीत परततो तो विणीसाठी. हिवाळी स्टीलहेड मुख्यतः साठवलेल्या चरबीवर निभावतो, हे खरे. मात्र ‘खात नाही’ म्हणजे ‘तोंड लावत नाही’ असे नव्हे. लहानपणी नदीतच किडे टिपून तो वाढलेला असतो, आणि पुढ्यातून सरकणाऱ्या वस्तूवर झडप घालण्याची सवय (की चीड? कुणी सांगावे) टिकते. थंडीत तो दूरवर पाठलाग करत नाही, एवढेच. माशाचे शरीर जवळपास पाण्याइतकेच थंड असते. चार-पाच अंश सेल्सियसला ते मंदावते. म्हणून ओढणे सोडा. बुडत्या टोकाचा दोर पलीकडे, प्रवाहाच्या दिशेने तिरका फेका, लगेच दोराचा मधला भाग उचलून वरच्या अंगाला टाका आणि स्ट्रीमर प्रवाहालाच सावकाश काठाकडे आणू द्या. तो थेट तुमच्या खालच्या अंगाला स्थिरावला, की दोन पावले खाली सरकून पुन्हा फेका.

ओढूनही मासे मिळतात, असा आक्षेप येईल. मिळतात, ओरेगनच्या डेशूट्स नदीत तर उन्हाळी स्टीलहेड पृष्ठभागावरच्या माशीवरही उठतो. पण ते पाणी उबदार असते. आणि निघण्यापूर्वी नियम पाहाच : स्कॅगिट ज्याला मिळते त्या प्युजेट साउंडचा स्टीलहेड २००७ पासून धोक्यातील प्रजातींच्या यादीत आहे, आणि स्कॅगिटचा हंगाम काही वर्षी उघडलाच नव्हता.