बिनकुलपाचा चाकू

सई, तुझं शेफिल्डचं पक्कं झालं त्या दिवशी तुझ्या आईने पेढे वाटले आणि मी कपाटातून एक चाकू काढला. तुझी आजी म्हणाली, "पोरगी शिकायला चाललीय, लढाईला नव्हे." म्हटलं, धातुशास्त्र शिकायला शेफिल्डला निघालेल्या मुलीला चाकू नाही द्यायचा तर काय मिक्सर द्यायचा? तर चाकू तुला मिळणार आहे. त्याआधी कानात घालायच्या काही गोष्टी आहेत. फोनवर सांगायला गेलो तर तू नुसतं "हो आजोबा, हो आजोबा" करशील, म्हणून लिहून देतोय.

हे चाकूंचं वेड काही माझं लहानपणापासूनचं नाही. ३६ वर्षं टूलरूममध्ये घालवली, पण घडीच्या चाकूकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पाहिलंच तर ते लॉकवाल्याकडे. पातं उघडून अडकत नाही तो चाकू म्हणजे कुणीतरी अर्ध्यावर सोडलेलं काम, असं माझं ठाम मत. रिटायर झालो आणि रविवारचा जुन्या बाजारात जाऊ लागलो. तिथे एका ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, रेडिओचे नॉब आणि गंजक्या कात्र्या यांच्या ढिगात एक बोटभर चाकू पडला होता. पातं काळंठिक्कर. नखाने खाच शोधून ओढलं, तर पातं काटकोनात येऊन टक् करून थांबलं. पुन्हा ओढलं, टक्, पूर्ण उघडं. सवयीने पाठीवरून बोट फिरवलं. मधली पोलादी पट्टी कुठे संपते आणि बाजूचे पितळी पत्रे कुठे सुरू होतात, ते बोटाला कळेना. सई, ज्याने आयुष्यभर कानस चालवली त्याला असं बोटाला न कळणं म्हणजे काय ते कळतं. एक-दोन थाऊचा, म्हणजे इंचाच्या एक-दोन हजारांशाचा, फरक असता तरी लागला असता. अडीचशे म्हणाला, दीडशेला दिला. मी घासाघीस केली नसती तरी चाललं असतं, पण बाजारात तसं दिसू द्यायचं नसतं.

त्या टक्-टक्चं गुपित आधी समजून घे, बाकी सगळं त्यातूनच निघतं. या चाकूला कुलूप नाही. पाठीत एक कमान आहे, ट्रकखालच्या पाट्याचं जणू पिल्लू. एका टोकाला पात्याची खीळ, दुसऱ्या टोकाला कमानीची, आणि मधल्या एका पिनेवर कमान ताणून बसवलेली. पात्याचं जे टोक मुठीत असतं त्याला सपाट बाजू काढलेल्या असतात. पातं फिरताना त्याचा कोपरा कमानीला वर उचलतो आणि पुढची सपाट बाजू आली की कमान तिच्यावर आपटते. तो आवाज तिचा. कोपरे चौकोनी काढले तर पातं मध्ये काटकोनात थांबतं, गोलसर काढले तर एका दमात उघडतं. पातं उघडं राहतं ते फक्त त्या कमानीच्या दाबामुळे. त्याहून जास्त जोर उलटा लागला की ते मिटणार, आणि मिटताना वाटेत तुझी बोटं असणार.

ते मी शिकलो ते तीन टाके पडल्यावर. खोका आला होता. पट्टी कापायची सोडून मी टोक खोक्यात खुपसलं. टोक अडलं, हात पुढे गेला, पातं तर्जनीवर मिटलं. चूक चाकूची नव्हती. धारेच्या दिशेने दाब दिला की पातं अधिकच घट्ट उघडं बसतं. खुपसायला गेलं किंवा पाठीवर दाब दिला की ते मिटतं. म्हणून या चाकूने ओढून कापायचं, भोसकायचं कधीच नाही. भोक पाडायचं असेल तर आर किंवा दाभण घे. लॉकवाला चाकू माणसाला हे विचारतच नाही की जोर कुठे चाललाय. हा दर वेळी विचारतो. मला आता हा जास्त आवडतो तो त्याचमुळे.

उघडताना मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धर, बोटं खाचेच्या बाहेर. कमान कडक असेल आणि नख मोडेल असं वाटलं तर अर्धवट उघडलेलं पातं दोन्ही सपाट बाजूंनी धरून ओढ. पक्कड लावायची नाही. मिटवताना दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याच्या पाठीवर हळू दाब दे आणि शेवटपर्यंत सोडू नकोस. सोडून खट्कन मिटवलं की ऐकायला छान वाटतं, पण काही चाकूंत धार थेट कमानीवर आपटते आणि मध्यावर एक बारीक दात पडतो. मग भाजी कापताना तिथेच दर वेळी धागा अडकतो.

आता तू ज्या गावाला चाललीस त्याविषयी. शेफिल्डमध्ये चाकूवाल्यांची स्वतःची कंपनी १६२४ पासून आहे. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवायची रीत काढली ती तिथेच, आणि हॅरी ब्रियर्लीचं न गंजणारं पोलाद १९१३ मधलं, तेही तिथलंच. हे तुला वर्गात शिकवतील. वर्गात कदाचित सांगणार नाहीत ते हे, की गावातल्या जुन्या चाकूवाल्यांनी ब्रियर्लीला आधी हसून काढलं होतं. न कापणाऱ्या चाकूंचा शोध लावणारा म्हणायचे त्याला. स्वतंत्र कारागिरांना तिथे 'लिटल मेस्टर' म्हणत. एकट्याने एका खोलीत बसून आपलं काम करणारा माणूस. त्यांतले स्टॅन शॉ १९४१ मध्ये, चौदाव्या वर्षी कामाला लागले आणि नव्वदीपर्यंत खिशातले चाकू करत राहिले. २०२१ मध्ये गेले. केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात हॉली नावाच्या माणसाने जमवलेली हत्यारं आहेत, पहिल्या महिन्यातच जाऊन ये. आणि हेही ध्यानात ठेव, की ही सगळी चमक काढणारे ग्राइंडर धुळीने मरत. काटे घासणारे तर कोरड्या चाकावर बसत आणि तरुणपणीच छातीच्या दुखण्याने जात. आमच्या टूलरूममध्ये डस्ट कलेक्टर बंद पडला की मी काम थांबवायचो. पोरं हसायची.

तुला देतोय त्या माझ्या चाकूवर रॉजर्सचा शिक्का आहे, चांदणी आणि क्रॉस. जोसेफ रॉजर्स अँड सन्स म्हणजे ज्यांनी १८२२ साली, त्या सालाइतकी, म्हणजे १,८२२ पाती असलेला एक अचाट चाकू केला आणि मग दर वर्षी एकेक पातं वाढवत नेलं. असला चाकू वापरता येत नाही, पण करणाऱ्याचा हात दिसतो. या नावाच्या नकला पूर्वी खूप झाल्या. स्पेलिंगमध्ये 'जी'च्या आधी 'डी' आहे. तो गाळलेले चाकू मी त्याच ताडपत्रीवर नंतर तीन पाहिले. माझा खरा की खोटा, असं तुझा मामा दर दिवाळीला विचारतो. शिक्का अर्धा पुसलाय. कमान खोटी नाही एवढं मला ठाऊक आहे.

तिथल्या जुन्या बाजारांत तू जाशीलच, तेव्हा घेताना काय पाहायचं ते सांगतो. शिक्का सगळ्यांत शेवटी पाहा. आधी चाकू उजेडासमोर धर. कमान आणि पत्रे यांच्यामधून उजेड दिसला तर ठेवून दे. मग बोट फिरव: मिटलेला असताना, पूर्ण उघडा असताना आणि जमलं तर अर्ध्यावर, तिन्ही वेळा पाठ सपाट लागायला हवी. तिन्ही वेळा सपाट हे फार थोड्यांना जमतं. पातं डावी-उजवीकडे हलवून पाहा. मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर डोकावत असेल तर ते खिसा फाडेल. पातं फारच अरुंद दिसलं तर आधीच्या धन्याने ते घासून-घासून संपवलंय. आणि बफवर चकचकीत केलेला जुना चाकू घेऊ नकोस. बफने शिक्का, कडा, खाच, सगळं पुसट होतं. गंजाचा ठिपका परवडला.

मूठ हाडाची, शिंगाची, लाकडाची असेल. जुन्या शेफिल्ड चाकूंना सांबराचं शिंग लावत आणि ते आपल्याकडून जायचं. आता निर्यात बंद आहे, वन्यजीव कायदाही आहे, तेव्हा शिंगाची मूठ असलेला चाकू तिकडून इकडे आणायच्या फंदात पडू नकोस. सेल्युलॉइडची रंगीत, मोत्यासारखी मूठ दिसली तर ती फार देखणी वाटते, पण तो चाकू बाकीच्यांबरोबर एका डब्यात ठेवायचा नाही. जुनं सेल्युलॉइड सडतं, त्यातून वाफ निघते आणि शेजारची पाती गंजतात.

तुला देतोय त्याचं पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे. गंजतं. पण गंज आणि रंग यांत फरक आहे. पहिल्याच दिवशी मी त्याने कैरी कापली, आणि धुऊन पाहिलं तर पात्यावर निळसर-जांभळी-करडी छटा आलेली. आजीने नाक मुरडलं. तो रंग राहू दे, तो पात्याचा अंगरखा आहे, त्याच्यावर तांबडा गंज उशिरा चढतो. तांबडं दिसलं की मात्र तेल लावून तांब्याच्या किंवा पितळेच्या तुकड्याने खरवडून काढ. लिंबू, पेरू, टोमॅटो कापल्यावर लगेच पुसायचं, "जेवण झाल्यावर" नाही. चामड्याच्या खिशात महिनोन्महिने ठेवू नकोस, चामडं ओल धरतं.

तेलाबाबत माझा आणि आजीचा वाद आहे. तिच्या मते खोबरेल सगळ्याला चालतं. पात्याला चालतं, खिळीला नाही. खाण्याचं तेल सांध्यात वाळून डिंकासारखं होतं आणि वर्षभराने चाकू उघडायला दात लागतात. खिळीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एकच. त्याआधी कोमट पाणी, साबण, जुना टूथब्रश, खाचेतला खिशातला कचरा काढ, पातं पाच-सहा वेळा उघड-मीट, आणि पूर्ण कोरडं होऊ दे. जोपर्यंत तेल काळं येतंय तोपर्यंत आत घाण आहे.

धार. "सुरी-कात्रीला धाऽर" अशी हाक देत सायकलवर येतो त्याच्याकडे विळी दे, हा चाकू नको. त्याच्या चाकावर पाणी नसतं. पातळ धार क्षणात तापते, निळी छटा आली म्हणजे साधारण ३०० अंश गाठले, म्हणजे दिलेलं पाणी उतरलं. तू धातुशास्त्राची, तुला मी काय सांगायचं! पण सांगतो. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड घे, एक खरबरीत, एक बारीक, आणि त्याच्यावर पाणी वापर नाहीतर तेल, आज हे उद्या ते नको. पातं दगडावर सपाट ठेव आणि पाठ रुपयाच्या दोन नाण्यांच्या जाडीएवढी उचल. १२ मिलिमीटर रुंदीच्या पात्याला ते साधारण १५ अंश पडतात. नाणी अंदाज घेण्यापुरतीच, मग काढून ठेव आणि मनगट तिथेच धर. मनगट हललं की धार गोल होते. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला धारेवर बारीक पोलादी काठ बोटाला जाणवेपर्यंत. तो जाणवला की बाजू बदल. दगड नसेल तेव्हा चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी बिनचमकीची कडा असते ती चालते. होस्टेलमध्ये कप असेलच. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, धार मागे ठेवून, दोन्हीकडून दहा-दहा वेळा ओढ. अंगठ्याने धार तपासू नकोस. टोमॅटो आहे ना.

आणि स्क्रू फिरवायचा नाही, डबा उचकटायचा नाही. टोक मोडलेले जेवढे चाकू पाहिले त्यांतले निम्मे कुणीतरी रंगाचा डबा उघडताना मोडलेले.

कायद्याचं मी वाचून ठेवलंय. तिथे घडीचा, लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉक असलेला असेल तर जवळ बाळगण्याला योग्य कारण दाखवावं लागतं. म्हणजे ज्याला मी अर्धवट काम म्हणत होतो तोच तिथे चालतो. याचं पातं अडीच इंच आहे, फूटपट्टीने मोजलंय. तरी विद्यापीठाचे आणि होस्टेलचे नियम वेगळे असू शकतात, आधी विचार. बसमध्ये, चारचौघांत सफरचंद सोलायला काढू नकोस. कायदा काहीही म्हणो, शेजारच्या बाईला काय वाटेल ते बघ.

चाकू तुझ्या निळ्या बॅगेत, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलाय. ती बॅग चेक-इनला द्यायची आहे. हातातल्या पर्समध्ये हलवू नकोस. विमानतळावर काढून घेतील, आणि माझ्याकडे दुसरा नाही.