बॅकअप का रेंगाळतो? घरच्या संगणकातील दोष शोधण्याची रीत

आसेगावसारख्या गावी दुकान आणि घर यांच्यात पुष्कळदा एका भिंतीचेच अंतर असते. दिवसा ज्या संगणकावर बी-बियाण्यांची, हार्डवेअरची किंवा कापडाची बिले निघतात, त्याच संगणकावर रात्री मुलांचा अभ्यास चालतो. घरातल्या लग्नाचे फोटोही त्यातच असतात. तो बिघडला तर मंगरूळपीर किंवा वाशिम गाठावे लागते आणि दुरुस्त करणारा पहिला प्रश्न विचारतो तो असा: "बॅकअप घेतला आहे का?"

पुष्कळांचे उत्तर "घेत होतो, पण..." असे असते. या 'पण'ची गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. कोणीतरी सांगितले म्हणून बाहेरची डिस्क आणली. रात्री इशानंतर संपूर्ण संगणकाचा बॅकअप सुरू केला. सकाळी पाहतो तो काम तिसाव्या टक्क्यावर अडलेले. गिऱ्हाईक दारात उभे, म्हणून मध्येच थांबवले. असे दोन-तीनदा झाले आणि डिस्क कपाटात गेली.

हे परवडणारे नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याने आपली हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावयाची असतात. २०२३-२४ सालच्या विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाचा हिशेब २०३० च्या डिसेंबरअखेर हाताशी असला पाहिजे. आज बाजारातल्या किती संगणकांची डिस्क तोवर टिकेल? शिवाय उधारीची वही संगणकात गेल्यापासून कोणाकडे किती येणे आहे, हे तोंडी सांगणारा माणूसही दुकानात उरलेला नाही.

तेव्हा बॅकअप मंद आहे म्हणून सोडून देऊ नये, मंद का आहे ते शोधावे. गॅरेजचा मिस्त्री गाडी ओढत नाही म्हटल्यावर लगेच इंजिन उघडत नाही. पेट्रोल येते का, ठिणगी पडते का, हवेची जाळी तुंबली आहे का, असे एकेक पाहत जातो. येथेही तेच करावयाचे. माल एका ठिकाणाहून निघतो, वाटेने जातो आणि दुसऱ्या ठिकाणी उतरतो. अडथळा या तिघांपैकी एका जागी असतो.

आधी मोजून पाहा

'फार वेळ लागतो' हे मोजमाप नव्हे. दर सेकंदाला किती मेगाबाइट जातात ते पाहावे. एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. सेकंदाला १ मेगाबाइट म्हणजे तासाला ३.६ गिगाबाइट. समजा, आपल्या संगणकात ३०० गिगाबाइट माल आहे. सेकंदाला १०० मेगाबाइटचा वेग असेल तर ५० मिनिटांत काम होते. ३० चा वेग असेल तर पावणेतीन तास लागतात. ५ चा असेल तर साडेसोळा तासांच्या वर, आणि २ चा असेल तर जवळजवळ ४२ तास. पहिल्या दोन वेगांत रात्रीत बॅकअप होतो. उरलेल्या दोन्हींत कुठेतरी दोष आहे असे समजून शोधाला लागावे.

वेग पाहण्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या १० आणि ११ या आवृत्त्यांत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात प्रत्येक डिस्कचा वाचण्याचा व लिहिण्याचा वेग दिसतो, आणि ती किती टक्के गुंतलेली आहे तेही दिसते. बॅकअप चालू असताना जी डिस्क सतत १०० टक्के गुंतलेली दिसते, पण वेग मात्र दोन-चार मेगाबाइटच दाखवते, तिच्याकडे आपला संशय वळवावा. दोन्ही डिस्का निवांत असतील आणि प्रोसेसर मात्र १०० टक्क्यांवर असेल, तर अडथळा वाटेत आहे.

माल उतरतो ती जागा

सर्वांत मोठी चूक आधी सांगतो, कारण ती घरोघरी दिसते. संगणकात 'सी' आणि 'डी' असे दोन ड्राइव्ह दिसतात. सी चा बॅकअप डी वर घेतला की झाले, असे वाटते. पण पुष्कळ संगणकांत हे दोन्ही एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क फिरणारी असेल तर तिचे वाचणारे टोक एकदा इकडे आणि एकदा तिकडे धावत राहते, म्हणून वेग पार बसतो. आणि ती डिस्क मेली की मूळ माल व प्रत एकदमच जातात. असा बॅकअप वेगाने झाला तरी काय उपयोगाचा?

दुसरी चूक पेनड्राइव्हची. स्वस्त पेनड्राइव्ह सुरुवातीला चांगला वेग दाखवतो आणि थोडा माल गेला की पाच-दहा मेगाबाइटवर येतो. हिशेबाच्या फोल्डरसाठी तो ठीक आहे. सबंध संगणकासाठी नाही.

तिसरी गोष्ट पोर्ट आणि केबल. युएसबीची २.० ही आवृत्ती सन २००० ची. तिचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात ३० ते ३५ मेगाबाइटच्या पुढे जात नाही. २००८ साली ३.० आली, तिचा कागदावरचा वेग दसपट आहे. जुन्या संगणकात दोन्ही प्रकारची भोके शेजारी शेजारी असतात. ३.० च्या भोकात बहुधा निळी पट्टी असते. डिस्क नवी, पण भोक जुने, तर वेग जुनाच मिळणार. केबलचेही तसेच. ३.० च्या केबलमध्ये जास्तीच्या तारा असतात. त्यांतली एखादी तुटली किंवा टोक सैल झाले तर डिस्क चालते, काही तक्रार करत नाही, फक्त जुन्या वेगाने चालते. म्हणून दोषाचा पत्ता लागत नाही. मोटार रिवाइंड करणाऱ्या बांधवांना हे लगेच पटेल. तीन फेजपैकी एक फेज गेला तरी चालती मोटार लगेच थांबत नाही, ती नुसती हुंहुं करत ओढत राहते.

केबल बदलून पाहणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे, म्हणून तो आधी करावा. डिस्क संगणकाच्या मागच्या बाजूच्या भोकात थेट लावावी. मध्ये लांब वायर किंवा चार तोंडांचा हब नको, कारण त्यातून डिस्कला पुरेशी वीज मिळत नाही.

चौथी गोष्ट जरा खोलातली आहे. बाहेर लावण्याच्या स्वस्त, मोठ्या डिस्कांपैकी पुष्कळांत लिहिण्याच्या पट्ट्या कवेलूंसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. थोड्या जागेत जास्त माल मावतो तो त्यामुळे. पण छपराच्या मधले एक कवेलू बदलायचे तर त्यावरची ओळ उचलावी लागते, तसेच येथे होते. रिकाम्या डिस्कवर पहिला बॅकअप झपाट्याने होतो आणि भरलेल्या डिस्कवर तोच दुप्पट-तिप्पट वेळ घेतो. यात बिघाड काही नाही. जुने बॅकअप पुसून डिस्कमध्ये जागा मोकळी ठेवावी.

माल निघतो ती जागा

आता सर्वांत गंभीर भाग. पोर्ट ठीक, केबल नवी, बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकावर चांगली चालते, आणि तरीही आपला बॅकअप एका ठराविक टक्क्यावर येऊन अडतो, पुढे सरकतो, पुन्हा अडतो. कधी आतून टक-टक असा आवाज येतो. अशा वेळी संगणकातली डिस्कच आजारी असण्याची दाट शक्यता आहे. खराब झालेला एकेक तुकडा ती पुन्हा पुन्हा वाचू पाहते, म्हणून सगळे काम खोळंबते. रोजच्या वापरात आपल्याला हे कळत नाही, कारण रोज आपण डिस्कचा थोडासाच भाग उघडतो. सबंध बॅकअप मात्र भरलेला प्रत्येक कोपरा वाचतो. म्हणून डिस्कचे दुखणे पुष्कळदा प्रथम येथेच बाहेर येते.

खात्री करण्याचे दोन मार्ग आहेत. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'सिस्टिम' नावाची नोंदवही असते. तीत 'डिस्क' या नावापुढे ७ किंवा १५३ हा क्रमांक वारंवार दिसत असेल तर ते चांगले लक्षण नाही. ७ म्हणजे खराब तुकडा सापडला आणि १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करावे लागले. १५३ कधी कधी केबलमुळेही येतो. दुसरा मार्ग 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम. तो डिस्कची प्रकृती 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' अशा शब्दांत सांगतो. त्यात 'पेंडिंग' आणि 'रिॲलोकेटेड' या ओळी पाहाव्या. त्यांचे आकडे आठवड्या-आठवड्याला वाढत असतील तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे.

येथे घाईने एक चूक होते. डिस्क मंद झाली म्हणून कोणी 'चेक डिस्क' चालवतो, कोणी 'डिफ्रॅग' करतो. आजारी डिस्कला हा फार मोठा ताण आहे, त्यातच ती प्राण सोडू शकते. आधी हिशेबाचा फोल्डर बाहेर काढा, मग पावत्यांच्या प्रती, मग घरचे फोटो. जे परत मिळणार नाही ते प्रथम. एवढे हाती आल्यावर सबंध बॅकअपचा प्रयत्न करावा आणि डिस्क बदलावी. नवी घेताना न फिरणारी, म्हणजे एसएसडी घेतली तर जुन्या संगणकातही जीव येतो.

वाटेतले अडथळे

याबद्दल थोडक्यात. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासत असेल तर बॅकअप रेंगाळतो. बॅकअपच्या प्रोग्रामला त्याच्या तपासणीतून सूट देता येते. अँटीव्हायरस मुळीच बंद करू नये. माल दाबून लहान करण्याची सोय, म्हणजे कॉम्प्रेशन, सर्वांत वरच्या पायरीवर असेल तर जुना प्रोसेसर दमतो. मधली पायरी पुरते. 'व्हेरिफाय' चालू असेल तर घेतलेला बॅकअप पुन्हा वाचून पाहिला जातो, त्यामुळे वेळ दुपटीकडे जातो. पण हा वेळ वाया जात नाही, तो खर्च करावा. रात्री संगणक आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करावी, नाहीतर सकाळी काम तिसाव्या टक्क्यावरच सापडते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला लॅपटॉप स्वतःच आपला वेग कमी करतो, म्हणून त्याला गादीवर ठेवू नये आणि पंख्याखाली ठेवावे.

इंटरनेटवर सबंध बॅकअप पाठवण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी हिशेब करा. वर पाठवण्याचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल तर ३०० गिगाबाइट जायला साडेपाच दिवस लागतात, तेही वीज एकदाही गेली नाही तर.

रोज सगळे घर हलवू नका

मालक मंडळींना ऐकून आश्चर्य वाटेल, पण लहान दुकानाचा कित्येक वर्षांचा हिशेब एका चित्रपटाहूनही कमी जागा घेतो. उरलेला सारा भार विंडोजचा, जुन्या डाउनलोडचा आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेल्या व्हिडिओंचा असतो. तिजोरीतली एक थैली सुरक्षित ठेवायची आणि त्यासाठी रोज रात्री पलंग-कपाटासह घर दुसरीकडे न्यायचे, असा हा प्रकार आहे.

कामाची विभागणी करा. हिशेबाचा प्रोग्राम बंद करून त्याच्या फोल्डरची प्रत रोज दुकान बंद करताना पेनड्राइव्हवर घ्यावी. बहुधा काही मिनिटांचे काम आहे. संपूर्ण यंत्रणेचा बॅकअप महिन्यातून एकदा. मधल्या काळात आठवड्याला 'इन्क्रिमेंटल', म्हणजे मागच्या वेळेपासून जेवढे बदलले तेवढ्याचाच बॅकअप. जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते, तेवढ्यात हा आठवड्याचा बॅकअप बहुधा होऊन जातो. महिन्याच्या मोठ्या बॅकअपआधी रिसायकल बिन रिकामा करावा आणि नको असलेले व्हिडिओ काढावे. हजारो लहान फाइली एकेक करून नेण्यापेक्षा डिस्कची सबंध 'इमेज' घेणारा प्रोग्राम वापरावा. तो क्रमाने वाचत जातो, म्हणून फिरणाऱ्या डिस्कवर विशेषतः फरक पडतो.

डिस्क काम झाल्यावर लावून ठेवू नये. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्रायसारखे खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतात. आणि एक प्रत घराबाहेर, भावाकडे किंवा सासुरवाडीला असू द्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा दुकानातली डिस्क आणि तिच्या शेजारच्या खणात ठेवलेली डिस्क यांत पाण्याने काय फरक केला असता?

दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावा. आधी केबल बदलून तीन गिगाबाइटची एखादी फाइल हाताने कॉपी करा आणि घड्याळ लावा. शंभर सेकंद लागले तर वेग ३० मेगाबाइट, तीस सेकंद लागले तर १००. मग भोक बदला, पुन्हा मोजा. मग दुसरा संगणक. आकडे तारखेसह वहीत लिहा. मंगरूळपीरला किंवा वाशिमला संगणक न्यायची वेळ आलीच तर ते पान दुरुस्त करणाऱ्यापुढे ठेवा, आणि त्याने नवी डिस्क बसवली की आपल्या बॅकअपमधून हिशेब उघडून दाखवल्याशिवाय जुनी डिस्क त्याच्याकडे सोडू नका.