आतडं पुन्हा पुन्हा अडकतं तेव्हा: खर्च किती, कुठे, आणि कसा आटोक्यात ठेवायचा

अपेंडिक्स, गर्भाशयाची पिशवी, आतड्याची गाठ, कारण काहीही असो. पोट एकदा उघडलं की आतल्या जखमा भरताना आतड्यांमध्ये चिकटलेले पट्टे तयार होतात. डॉक्टर त्यांना ‘ॲडहिजन्स’ म्हणतात. बहुतेकांना त्यांचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. काहींचं लहान आतडं मात्र त्या पट्ट्यांत मुडपतं, अडकतं, सुटतं आणि काही महिन्यांनी पुन्हा अडकतं. अशा घरात दर वेळी अचानक आलेलं संकट समजून पैशांची धावाधाव होते. त्याऐवजी हा खर्च मुलांच्या फीसारखा वर्षाच्या हिशेबात धरला, तर पैसेही कमी जातात आणि रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोहोचतो.

सगळ्यात महाग काय? उशीर

कळा येऊन पोट दुखणं, पोट फुगणं, उलट्या, वारा न सरणं, शौच बंद होणं ही लक्षणं एकत्र आली की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुखणं थांबून थांबून न येता सलग झालं, ताप आला, नाडी जलद झाली किंवा पोट कडक लागलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. वेळेवर आलेल्या बहुतेक रुग्णांचं आतडं सलाईन आणि नाकातल्या नळीवर काही दिवसांत सुटतं. उशिरा आलेल्याचं काळं पडलेलं आतडं कापावं लागू शकतं. मग आयसीयू, रक्त, महागडी प्रतिजैविकं असं बिल अनेक पटींनी वाढत जातं.

म्हणून ‘गॅस झाला असेल’ म्हणत रात्र काढू नका. एरंडेल, जुलाबाची गोळी, घरच्या घरी एनिमा, ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणं हे सगळं टाळा. गाडीची सोय नसेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात मोफत आहे.

खाजगी दवाखान्यातलं बिल

खालचे आकडे शहरी महाराष्ट्रातले ढोबळ अंदाज आहेत. गाव, दवाखाना आणि खोलीचा प्रकार यांनुसार ते बदलतात. आपल्या गावातले दर रुग्ण बरा असतानाच विचारून ठेवा.

- पोटाचा उभा एक्स-रे: ३०० ते ८०० रुपये
- सोनोग्राफी: १,००० ते २,००० रुपये
- क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, रक्तगणना: एकत्रित १,००० ते २,५०० रुपये
- पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन: ५,००० ते १२,००० रुपये
- जनरल वॉर्डात तीन-चार दिवस सलाईन, नळी, तपासण्या: ३०,००० ते १,००,००० रुपये
- पट्टे सोडवण्याची शस्त्रक्रिया: दीड ते चार लाख, आतडं कापावं लागलं आणि आयसीयू लागला तर त्याहून बरंच जास्त

यात सीटीवर काटकसर करू नका. अडथळा कुठे आहे आणि रक्तपुरवठा शाबूत आहे का, हे सर्वांत नीट त्यातच दिसतं. सोनोग्राफी मात्र दर वेळी लागतेच असं नाही. ‘यातून उपचार बदलणार आहेत का?’ असं विचारायला हरकत नाही.

आणखी एक प्रश्न सर्जनना विचारा: पाण्यात विरघळणारं कॉन्ट्रास्ट औषध, म्हणजे गॅस्ट्रोग्राफिन, देता येईल का? ते नळीतून पोटात सोडतात आणि काही तासांनी, साधारण २४ तासांच्या आत, एक्स-रे काढतात. औषध मोठ्या आतड्यात पोहोचलेलं दिसलं, तर अडथळा शस्त्रक्रियेशिवाय सुटण्याची शक्यता दाट असते आणि मुक्कामाचे दिवस कमी होऊ शकतात. रुग्णाची स्थिती ठीक असेल तर साधारण ७२ तासांपर्यंत वाट पाहण्याची रीत आहे. शस्त्रक्रियेची घाई होत नाही यामागे वैद्यकीय कारण आहे. पट्टे सोडवताना नव्या जखमा होतात आणि त्यांतून नवे पट्टे तयार होऊ शकतात. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून करायची म्हटली तर साहित्याचा खर्च वाढतो, आणि आधीच्या अनेक शस्त्रक्रिया झालेल्या फुगलेल्या पोटात ती दर वेळी शक्यही नसते.

कमी खर्चाची दारं

*सरकारी रुग्णालय.* सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. तिथे शुल्क पडतं, पण खाजगीच्या तुलनेत फार कमी. जवळच्या रुग्णालयात रात्री सर्जन आणि सीटी दोन्ही असतात का, हे आधीच पाहून ठेवा. नसतील तर थेट पुढच्या ठिकाणी जाणं परवडतं.

*महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.* ही आणि आयुष्मान भारत योजना राज्यात एकत्र राबवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लाभ मिळतो. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: शस्त्रक्रियेचं पॅकेज लागू होतं का, आणि नुसत्या सलाईन-नळीच्या उपचारांना मंजुरी मिळते का? एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचंही तेच असेल असं धरू नका. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

*धर्मादाय रुग्णालय.* ट्रस्टच्या अनेक मोठ्या, चकचकीत रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. भेट दाखल होतानाच घ्या. बिल हातात पडल्यावर वाद वाढतो.

खाजगी नर्सिंग होमनाही दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दिसलं नाही तर मागा.

विमा: बारीक अक्षरांतल्या पाच गोष्टी

१. जुनी शस्त्रक्रिया लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. माहिती लपवल्याचं उघड झालं तर दावाच जाऊ शकतो.

२. दवाखान्यातून शेवटचा सल्ला घेतल्यापासून ४५ दिवसांत तोच त्रास उलटला, तर विम्याच्या भाषेत तो एकच आजार धरला जातो. पॉलिसीत आजारागणिक मर्यादा असेल तर याचा थेट फटका बसतो.

३. विमा रक्कम संपल्यावर ती पुन्हा भरून देण्याची सोय, म्हणजे ‘रिस्टोर’, त्याच आजाराला लागू आहे का ते वाचा. काही पॉलिसींत नसते, आणि तुमचा आजार तर नेमका तोच तो आहे.

४. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की नुसता फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा बाबींतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते.

५. ‘फक्त तपासणीसाठी दाखल’ असा शेरा देऊन दावे नाकारले जातात. डिस्चार्ज कार्डावर अडथळ्याचं निदान, सीटीचा निष्कर्ष, नळी आणि सलाईनचे उपचार स्पष्ट लिहिलेले आहेत ना, हे घरी जाण्याआधी तपासा.

आधी दावे केले या कारणावरून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा. पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग एका वर्षाच्या आत विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

फाइल आणि ताट

एका प्लॅस्टिक फाइलमध्ये मूळ शस्त्रक्रियेची नोंद, सगळी डिस्चार्ज कार्डं, शेवटच्या सीटीची सीडी, औषधांची आणि ॲलर्जीची यादी, विमा कार्ड, शिधापत्रिका आणि आधारची प्रत ठेवा. नव्या डॉक्टरांना आधीचा सीटी मिळाला की तुलना सोपी होते आणि काही तपासण्या टळतात. फाइलचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्यात.

खाण्याचं पथ्य स्वस्त आहे. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, सोललेला दुधी, उकडलेला बटाटा, पिकलेलं केळं सहसा सोसतं. मक्याचे दाणे, ओलं खोबरं, मशरूम, बियांसकट पेरू, चोथ्यासकट संत्रं, कच्च्या कोशिंबिरी आणि सुकं अंजीर अरुंद जागी अडकू शकतात. थोडं थोडं खा, नीट चावून खा. दात पडले असतील तर कवळीवरचा खर्च वाया जात नाही. पथ्य किती दिवस पाळायचं हे मात्र आपल्या सर्जनकडून किंवा आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या, नाहीतर भीतीपोटी माणूस अन्नच तोडतो आणि वजन उतरतं.

बुडालेली रोजी हिशेबात सहसा येत नाही. पगार महिना २१ हजारांपर्यंत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. त्यासाठी वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले असावे लागतात आणि ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो.

आता दरमहा बाजूला ठेवायचा आकडा काढा. गेल्या दोन वर्षांत दाखल होण्यावर झालेल्या खर्चापैकी विम्याने किंवा योजनेने न भरलेली रक्कम, सोबतच्या माणसाचं जेवण-प्रवास आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज करून तिला २४ ने भागा. येईल तेवढी रक्कम दरमहा वेगळ्या बचत खात्यात टाका आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड फाइलमध्येच ठेवा. पिन घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असावा, कारण पैसे लागतील तेव्हा रुग्णाच्या नाकात नळी असेल.